दारूबंदीच्या वर्ध्यात पोर्टची चव

परदेशी पाककृतीत 'अर्धी वाटी पोर्ट वाइन' असं लिहिलेलं असतं. आपला वर्धा तर दारूबंदीचा जिल्हा. मग करायचं काय?

आधी पोर्ट म्हणजे काय ते पाहू. पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यात द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं कडक मद्य घालतात. त्यानं आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते. म्हणून पोर्ट गोड, आणि मद्यार्क सुमारे २० टक्के.

'शिजवलं की दारू उडून जाते' हे अर्धंच खरं. पंधरा मिनिटं शिजवूनही सुमारे ४० टक्के मद्यार्क उरतो, अडीच तासांनी ५ टक्के. तेव्हा न पिणाऱ्या पाहुण्याला सांगूनच वाढावं.

आपल्याला हवी ती गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि गडद रंग. काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजवून वाटून गाळू; त्यात थोडा चिंचेचा कोळ आणि कोरा चहा घालू. मिरे घालून आटवला की हा रस मटणाला चालतो. दालचिनी, लवंग आणि ताडगूळ घातला की त्यात नाशपाती शिजवावी.

ताडगुळावरून आठवलं. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानं मगनवाडीतून ताडगुळाचा प्रसार केला. नीरा आंबली तर ताडी, वेळेत आटवली तर गूळ. पोर्टवाले आंबणं मद्यानं थांबवतात. आपण चुलीवर थांबवतो. गोडी दोन्हीकडे उरते.