पट्टी बसली, निम्मीच दिसली

जुना संगणक रखडायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. सल्ला बहुतेकदा योग्यच असतो. पण बाजारातून ४ जीबीची नवी पट्टी आणावी, ती स्लॉटमध्ये टक्कन बसावी आणि पडद्यावर मात्र २ जीबीच दिसावेत, किंवा संगणक सुरूच होऊ नये, असंही घडतं. तीच पट्टी दुसऱ्या संगणकात विनातक्रार चालते.

वेगळ्या पिढीची पट्टी बसूच नये, याची सोय उत्पादकांनी केलेली आहे. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पिढ्यांच्या पट्ट्यांना २४० पिनाच असतात. पण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. म्हणून दोन्हींवरची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. खरी फसगत होते ती एकाच पिढीत.

रॅमच्या चिपमध्ये माहिती रांगा आणि स्तंभांच्या जाळीत साठवलेली असते. नाट्यगृहात आधी रांग आणि मग खुर्ची शोधावी, तसा मेमरी कंट्रोलर आधी रांगेचा क्रमांक पाठवतो, मग स्तंभाचा. हे क्रमांक ठरावीक तारांवरून जातात आणि प्रत्येक तार एक बिट वाहते. १२ तारांनी ४,०९६ रांगा गाठता येतात, १३ तारांनी ८,१९२. एक तार कमी पडली की निम्म्या रांगांना पत्ताच उरत नाही.

इंटेलच्या १९९८च्या ४४०बीएक्स चिपसेटमधल्या मेमरी कंट्रोलरबाबत हेच झालं. तो १२८ मेगाबिटच्या चिप हाताळायचा. त्यांना रांगांसाठी १२ तारा पुरत. पुढे २५६ मेगाबिटच्या ८ चिप लावलेल्या २५६ एमबीच्या पट्ट्या आल्या. त्यांना तेरावी तार हवी होती. परिणामी त्यातले १२८ एमबीच दिसत.

दहा वर्षांनी आलेल्या जी४१ चिपसेटनं हाच अनुभव पुन्हा दिला. डीडीआर३मध्ये तो २ गिगाबिटपर्यंतच्या चिप ओळखतो, म्हणजे रांगांच्या १५ तारा. ४ जीबीची जुनी पट्टी अशा १६ चिपांची असे. नव्या पट्टीत ४ गिगाबिटच्या ८ चिपांतच काम भागतं, पण त्यांना सोळावी तार लागते. बायोस अद्ययावत केल्यानं काही अडचणी सुटतात. नसलेली तार त्यातून मिळत नाही.

सर्व्हरमधून काढलेल्या स्वस्त पट्ट्यांचा सापळा वेगळा. त्यांतल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्यांवर पत्ते पुढे पाठवणारी जादा चिप असते. डीडीआर३मध्ये त्या घरगुती संगणकाच्या स्लॉटमध्ये बसतात, पण चालत नाहीत.

सगळं जुळूनही ३२-बिट विंडोज असेल, तर तिच्यापाशी ४ जीबीपुरतेच पत्ते असतात. त्यातले काही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून वापरायला साधारण ३ ते ३.५ जीबीच मिळतात.

तेव्हा खरेदीआधी मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दोन आकडे पाहावेत: एकूण रॅमची मर्यादा आणि एका चिपची मर्यादा. जी४१साठी ४ जीबीची पट्टी घेताना लेबलवर '१आर×८' नव्हे, '२आर×८' (म्हणजे आठ-आठ चिपांचे दोन गट) हवं. लेबल पुसट असेल, तर पट्टी उलटून पाहावी: दोन्ही बाजूंना आठ-आठ काळ्या चिप दिसल्या, तरच पैसे मोजावेत.