ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा

वापसा आला की पेरणीचे दिवस मोजकेच मिळतात. नेमक्या अशाच सकाळी किल्ली फिरवावी आणि ट्रॅक्टरने नुसते ‘टक्’ करून गप्प बसावे, हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना आहे. मग घाईघाईने नवी बॅटरी येते, सेल्फ खोलला जातो, कधी सगळी वायरिंग बदलली जाते. दोष मात्र निघतो एखाद्या गंजलेल्या क्लॅम्पमध्ये.

खरे तर हा मार्ग समजायला सोपा आहे. बॅटरीतून निघालेला प्रवाह जाड केबलने सेल्फकडे जातो आणि इंजिनाच्या लोखंडातून, अर्थिंगच्या पट्टीवाटे बॅटरीत परत येतो. ही वाट कुठे अडली आहे एवढेच क्रमाने शोधायचे असते. काही घट्ट रुजलेले गैरसमज तो क्रम मोडतात. त्यात पैसा वाया जातो आणि एका बाबतीत तर जीवही जातो.

गैरसमज : हॉर्न वाजतो, दिवे लागतात, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती : हॉर्नला मोजके काही अँपिअर पुरतात. डिझेल इंजिन फिरवणारा सेल्फ मात्र २०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. उतरलेली बॅटरी पहिले काम करील, दुसरे करणार नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. ती पूर्ण चार्ज असेल आणि काही तास स्वस्थ राहिली असेल, तर मल्टिमीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो. १२.२ दिसले तर ती जवळपास निम्मी उतरली आहे. खरी परीक्षा भार पडल्यावर होते. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचा दाब सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर एक तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ अडकून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह खातो आहे. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक सेल तपासा. पाच सेल १.२६० च्या आसपास आणि एकच खूप खाली असेल, तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी टिकणार नाही.

गैरसमज : सेल्फ हळू फिरतो, धक्का दिला की इंजिन सुरू होते, म्हणजे बॅटरी गेली.

वस्तुस्थिती : साध्या पंपाच्या डिझेल इंजिनाला पेटण्यासाठी ठिणगी लागत नाही, म्हणून ते धक्क्याने सुरू होते. त्यातून एवढेच कळते की दोष सेल्फच्या वाटेवर आहे. तो नेमका कुठे आहे ते कळत नाही. बहुतेकदा तो जोडांमध्ये सापडतो. क्लॅम्पवरच्या पांढऱ्या-हिरव्या थराने फक्त ०.०१ ओहमचा अडथळा केला, तरी २०० अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. मग नवी बॅटरीसुद्धा कमजोर वाटते.

तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून बंद करायचा नॉब ओढून ठेवा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा. सीटवर बसलेल्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्येही असेच मोजा. दुरुस्तीला खर्च जवळजवळ नाही. निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

गैरसमज : बॅटरीतले पाणी कमी झाले की ॲसिड घालावे, नाहीच मिळाले तर बोअरचे पाणीही चालते.

वस्तुस्थिती : चार्जिंगच्या वेळी आणि उन्हाने कमी होते ते पाणी. ॲसिड आतच राहते. वरून आणखी ॲसिड ओतले तर द्रावण तीव्र होऊन प्लेटा लवकर झिजतात. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह बॅटरीला आतून उतरवत राहतात. डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही खुणेपर्यंतच. ॲसिड फक्त सांडून गेले असेल तर, आणि तेही बॅटरीवाल्याकडूनच भरून घ्या.

गैरसमज : बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते.

वस्तुस्थिती : फार पूर्वी बॅटरीची पेटी लाकडी किंवा रबराची असे, तेव्हा या समजुतीला आधार होता. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीतून फरशीत प्रवाह झिरपत नाही. महिनोन्‌महिने नुसती ठेवलेली बॅटरी आपसूक उतरते आणि उकाड्यात जास्त वेगाने उतरते. वरच्या भागावर धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर असेल, तर दोन खुंट्यांमध्ये हळूहळू गळती होते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट कडक होते आणि बॅटरी पुन्हा नीट चार्ज घेत नाही. ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवा आणि अधूनमधून बॅटरी चार्ज करा.

गैरसमज : चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढावी, इंजिन बंद पडले नाही तर चार्जिंग ठीक आहे.

वस्तुस्थिती : ही जुन्या डायनामोच्या काळातली युक्ती आहे. साध्या पंपाचे डिझेल इंजिन तसेही विजेशिवाय चालत राहते, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट, बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा दाब उसळतो आणि त्याचे डायोड जळू शकतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चे प्रदूषण निकष लागू झाले. त्यानंतरच्या अनेक इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. तिथे या युक्तीची किंमत फार मोठी पडेल. इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग व्यवस्थित आहे. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा सैल आहे का ते पाहा. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि बॅटरीतले पाणी वारंवार का आटते याचे उत्तरही तिथेच मिळेल.

गैरसमज : फ्यूज सारखा उडतो, तिथे जाड तार घातली की कटकट संपते.

वस्तुस्थिती : फ्यूज वायरिंगला वाचवण्यासाठी उडतो. जाड तार घातली की फ्यूजऐवजी वायरच तापते, वितळते आणि आग लागते. कारण शोधा. उंदराने कुरतडलेली वायर, पत्र्याच्या धारेला घासलेले आवरण, किंवा मागाहून जोडलेले दिवे आणि स्पीकर, यांपैकी काहीतरी असते. ५५ वॅटचे चार जादा दिवे म्हणजे १८ अँपिअरपेक्षा जास्त भार. तो मूळ स्विचवर टाकू नका. त्यासाठी वेगळी वायर, रिले आणि योग्य आकड्याचा फ्यूज हवा.

गैरसमज : किल्लीने सेल्फ लागत नाही, तर खाली उभे राहून सेल्फच्या बोल्टांवर पाना टेकवावा.

वस्तुस्थिती : हे कधीही करू नका. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागू नये, यासाठी बहुतेक ट्रॅक्टरांवर सेफ्टी स्विच असतो. पाना टेकवला की तो स्विच वाटेतून वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो त्याच क्षणी पुढे निघतो, आणि टेकवणारा माणूस मागच्या चाकापुढे उभा असतो. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. स्विच कायमचा जोडून टाकणेही तितकेच घातक आहे.

हेच निदान सुरक्षितपणे करता येते. न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंदचा नॉब ओढलेला आणि चाकांपुढे कोणी नाही, एवढे आधी पाहा. मग टेस्ट लॅम्पचे एक टोक सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर आणि दुसरे लोखंडावर लावा, आणि सीटवरच्या माणसाला क्लच दाबून किल्ली फिरवायला सांगा. दिवा लागला तर किल्लीपासून इथवरची वाट शाबूत आहे. मग दोष सोलेनॉइड, सेल्फ किंवा जाड केबलीत आहे. दिवा लागलाच नाही तर फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा सेफ्टी स्विच तपासा. नवा सेफ्टी स्विच बसवण्याचा खर्च कोणत्याही अपघाताच्या तुलनेत काहीच नाही.

तेव्हा क्रम पक्का ठेवा : आधी बॅटरीचा दाब, मग क्लॅम्प, मग अर्थिंग, मग किल्लीची बारीक वायर आणि सर्वांत शेवटी सेल्फ. ट्रॅक्टरच्या पेटीत एक साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि योग्य आकड्याचे चार फ्यूज असू द्या. मोजल्याशिवाय एकही भाग बदलू नका, आणि सीटवर बसल्याशिवाय ट्रॅक्टर कधीही सुरू करू नका. घरातल्या आणि कामावरच्या प्रत्येकाला, विशेषतः नव्याने ट्रॅक्टर शिकणाऱ्या मुलांना, ही शेवटची गोष्ट आजच सांगा.