बिनअंड्याचं आम्लेट

बदनापुरात संध्याकाळी जालना-संभाजीनगर रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की आधी कांद्याचा वास येतो, मग तव्यावरचा चर्र आवाज. गाडीवाला स्टीलच्या ग्लासात अंडी फोडतो, कांदा-मिरची-मीठ टाकून चमच्यानं खडखड फेटतो आणि वर न बघता विचारतो, "सिंगल का डबल?" गाडीवर लिहिलेलं असतं 'अमलेट'. शिकलेली माणसं त्याला हसतात. हसू नये; फ्रेंचांनीही एके काळी हा शब्द जवळपास असाच म्हटला आहे.

मुळात या शब्दात अंडं नाहीच. लॅटिनमध्ये 'लॅमिना' म्हणजे पातळ पत्रा. 'लॅमेला' म्हणजे त्याहून लहान. त्याचं फ्रेंच रूप 'लमेल', म्हणजे पातं, सुरी-तलवारीचंसुद्धा. त्याआधी 'ला' हे स्त्रीलिंगी उपपद लागलं आणि 'ला लमेल' ऐकणाऱ्यांनी ते चुकीच्या जागी तोडलं: 'ल अलमेल'. इंग्रजीत 'अ नंपायर'चं 'अॅन अंपायर' झालं, तीच गत. पुढे शेवटचा प्रत्यय बदलून 'अल्युमेत' झालं. 1393 च्या सुमाराच्या 'मेनाजिए द पारी' या घरसंसाराच्या फ्रेंच ग्रंथात ही रूपं सापडतात. मग 'ल' आणि 'म' यांनी जागा बदलल्या, आपल्याकडे नुकसानाचं नुसकान होतं तशा, आणि 'अमलेत' तयार झालं. इंग्रजीत हा शब्द 1611 च्या कॉटग्रेव्हच्या फ्रेंच-इंग्रजी कोशात दिसतो.

गंमत म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावर 'लॅमिनेशन करून मिळेल' अशी पाटी असते, तो शब्दही त्याच 'लॅमिना'चा. आधार कार्डावर चढतो तो पातळ पापुद्रा आणि शेजारच्या तव्यावर पसरतो तोही.

आपल्या जुन्या बायकांना हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी नाव ठेवलं 'अंड्याची पोळी'. लॅटिनचं याहून नेमकं भाषांतर मला सुचत नाही.

मराठीनं पुढची मजल मारली ती टोमॅटो आम्लेटमध्ये. बेसन, टोमॅटो, कोथिंबीर. अंडं औषधालाही नाही. खरं तर ते धिरडंच. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं कडधान्यांवर कितीतरी वर्षं घालवली, बीडीएन-711 ही तूर तिथलीच. अशा डाळीच्या मुलखात आम्लेट बेसनाचं व्हावं, यात नवल नाही. अंड्याशिवाय आम्लेट कसलं, असं कुणी म्हणालं तर मी मराठीची बाजू घेईन. अंडं नंतर आलं. पातळ, पसरलेलं, पत्र्यासारखं असणं हा शब्दाचा मूळ अर्थ, आणि तो बेसनात शाबूत आहे.

आमच्या घरी अंड्याचा तवा वेगळा होता, परसात खिळ्याला टांगलेला. तो उंबरा ओलांडून आत यायचा नाही. त्याच नावाचं टोमॅटोचं आम्लेट मात्र स्वयंपाकघरात, देवाच्या फळीखालच्या गॅसवर व्हायचं. श्रावणातसुद्धा, फक्त कांदा वगळून.