चोरीची भीती आणि आगीचं दार

कामगार कोंबडीचं मांस चोरून नेतात, असा मालकाला संशय होता. म्हणून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅम्लेट गावच्या त्या कारखान्याची दारं कुलूपबंद ठेवली जात. ३ सप्टेंबर १९९१ ला सकाळी तळणाच्या मोठ्या कढईजवळ हायड्रॉलिक तेलाची नळी निसटली. तेलाचा फवारा उडाला, पेटला आणि बघता बघता कारखाना काळ्या धुरानं भरून गेला. २५ कामगार गेले, बहुतेक धुरानं. एका दारावर आतून मारलेल्या लाथांचे पोचे राहिले होते. कारखाना सुरू होऊन ११ वर्षं झाली होती, पण सुरक्षा तपासनीस एकदाही फिरकला नव्हता.

कारखान्याच्या नकाशावर सिक्युरिटी आणि फायर ही दोन वेगळी खाती असतात. ठेकेदार वेगळे, बजेट वेगळं, फायलीही वेगळ्या. दार मात्र एकच. सिक्युरिटीवाल्याला ते बंद हवं असतं, फायरवाल्याला उघडं. हा तंटा कुणी बसून सोडवला नाही, तर तो रात्रपाळीच्या वॉचमनच्या खिशातल्या किल्लीवर सुटतो. आणि आग लागते तेव्हा वॉचमन कुठे असेल, हे कुणी सांगावं!

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातही असंच घडलं होतं. तिथे मुली सुटताना पर्सची झडती व्हायची. झडतीला एकच वाट सोयीची, म्हणून नवव्या मजल्यावरचं दुसरं दार कुलूपबंद. २५ मार्च १९११ च्या आगीत १४६ जीव गेले. अग्निशमन दलाची शिडी जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचत होती. खटल्यात मालक हॅरिस यांना विचारलं गेलं, चोरी होत होती ती कितीची? पंचवीस डॉलरहून जास्त नाही, असं त्यांनीच मान्य केलं. दोघे मालक निर्दोष सुटले. १९१३ मध्ये त्यांतल्या ब्लँक यांच्या दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दाराला कुलूप सापडलं. दंड झाला वीस डॉलर.

धूर किती वेळ देतो, हे पाहिलं की कुलपाची खरी किंमत कळते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस गुदमरतोय हे त्याला कळायच्या आत त्याचे पाय लटपटतात, डोकं चालेनासं होतं. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कमी किंवा मध्यम धोक्याच्या पक्क्या बांधणीच्या कारखान्यात बाहेरच्या वाटेपर्यंतचं अंतर ४५ मीटरपेक्षा जास्त नसावं. सेकंदाला सव्वा मीटरच्या चालीनं हे अंतर ३६ सेकंदांत संपतं. दाट, डोळे चुरचुरवणाऱ्या धुरात मात्र चाल पाव-अर्ध्या मीटरवर येते आणि तेच अंतर दीड ते तीन मिनिटं खातं. ही मिनिटं पार करून माणूस दाराशी पोचला आणि दार आत उघडणारं निघालं, तर मागची गर्दीच ते दाबून धरते. चेंगराचेंगरीत पोलादी कठडे वाकलेले आढळले आहेत. त्यावरून गर्दीचा रेटा साडेचार हजार न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ४६० किलोच्या भारापेक्षा जास्त असू शकतो, असं मानलं जातं. एवढ्या रेट्याविरुद्ध दार आत ओढणं कुणाच्याही हातात नाही.

हा धडा आधी लहान मुलांनी दिला. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये दार आत उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल इतपत फट ठेवून त्याचा बोल्ट जमिनीत ठोकलेला होता. १८३ मुलं तिथे चेंगरली. नंतर रॉबर्ट ब्रिग्ज यांनी आतून नुसतं ढकललं की उघडणाऱ्या बोल्टचं पेटंट १८९२ मध्ये घेतलं. आज मॉलच्या जिन्याच्या दारावर जी आडवी दांडी दिसते ती हीच, पॅनिक बार. आजच्या अमेरिकन मानकानुसार ती सुटायला सात किलोच्या आसपास जोर पुरे. हातात सामान असलेला, घाबरलेला, डोळे मिटलेला माणूसही नुसता अंगानं रेलला तरी दार उघडतं. बाहेरून मात्र हँडलच नाही. चोराला बाहेर ठेवायचं काम तेवढ्यानं भागतं.

चोर आतलाच असेल तर? तिथे मॅग्नेटिक लॉक येतं. चौकटीवर विद्युतचुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर साधारण २७० किलोची पकड, वीज गेली की पकड संपली. पट्टीत थोडं चुंबकत्व उरून दार चिकटू नये म्हणून एक छोटी स्प्रिंगची खुंटी बसवलेली असते, तीच पट्टी ढकलून सोडवते. फायर पॅनेलनं इशारा दिला की रिलेनं वीज तोडायची आणि दारं मोकळी.

कागदावर ठीक. साइटवर खोट असते ती बॅटरीत. आपल्याकडे वीज जातेच, म्हणून लॉकला बॅटरी बॅकअप दिला जातो. रिलेनं फक्त मेनची वीज तोडली तर बॅटरी चुंबकाला धरून ठेवते. आगीचा हूटर वाजत राहतो आणि दार मख्ख. रिले बॅटरी आणि लॉक यांच्या मधोमध हवा. वायरिंग करणाऱ्याला हे सांगावं लागतं, आणि सांगणारा बहुतेकदा फायरच्या ठेक्यातला नसतोच.

महागडा माल असलेल्या गोदामांसाठी अमेरिकेत विलंबानं उघडणाऱ्या दारांनाही परवानगी आहे. दांडी ढकलली की भोंगा वाजतो आणि १५ सेकंदांनी दार उघडतं. तेवढ्यात वॉचमन पोचतो. आगीचा इशारा झाला, स्प्रिंकलर सुटला किंवा वीज गेली तर ते लगेच उघडायलाच हवं. जास्त धोक्याच्या जागी मात्र ही सोय चालत नाही. मला ही तडजोड शहाणी वाटते. चोराला १५ सेकंद महाग पडतात, आगीत सापडलेल्याचं एकही वाया जात नाही.

आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातही मुळात दाराचा नियम होता. आत माणूस असेपर्यंत बाहेर जायचं दार आतून सहज आणि ताबडतोब उघडता आलं पाहिजे, आणि ते सरकतं नसेल तर बाहेरच्या बाजूला उघडावं. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा तो दाखला. पण दिवसा अकरा वाजता आलेल्या माणसाला रात्री दोनचं कुलूप कसं दिसणार?

आणि रात्रीच खरा प्रश्न आहे. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण दगावले. कारखान्याचे नियम जाग्या, कामावर उभ्या माणसाचा हिशेब धरून लिहिलेले असतात. भाडं वाचवायला परगावचे कामगार शेडमध्येच झोपू लागले, की ४५ मीटरचं गणित कोलमडतं. निदान कुलूप तरी आधी काढता येतं. शेजारच्या बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांसाठी २०१३ मध्ये सुरक्षा करार झाला, तेव्हा तपासनीसांनी आधी स्प्रिंकलर मागितले नाहीत. कुलूप लागू शकणारी दारं आणि कोलॅप्सिबल गेटं आधी काढायला लावली.

मॉक ड्रिलमध्ये सगळे कामगार मोठ्या गेटनं रांगेत बाहेर पडतात आणि फोटो निघतो. त्यापेक्षा एकदा रात्रपाळीत, वॉचमनला न सांगता, पॅनेलवरून आगीचा इशारा द्यावा आणि मागच्या, एरवी कुणी न वापरणाऱ्या दाराशी उभं राहावं. मग लॉक सुटतं का ते बघावं, आणि सुटलं तर पलीकडे रचून ठेवलेल्या भंगाराच्या ढिगातून दार किती उघडतं, तेही.