पाच कोटींची थैली आणि उरलेले सतरा

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात दोन अंदाजपत्रके मांडली जातात. पहिले सौभाग्यवतीचे. त्यात रवा, मैदा, साजूक तूप, जावयाचा पोशाख अशा बाबी असतात. दुसरे माझे आणि चिरंजिवांचे. त्यात पुणेरी पलटणने कोणता कबड्डीपटू ठेवावा, कोणता सोडावा आणि उरलेल्या पैशांत कोणाला घ्यावे, याचा खल चालतो. पहिल्या अंदाजपत्रकात घरचे पैसे जायचे असतात, म्हणून ते दहा मिनिटांत उरकते. दुसऱ्यात आमची दमडीही नसते, म्हणून ते रात्री बारापर्यंत रंगते.

मी मूळचा राहुरीकडचा. नोकरीनिमित्त नगरला आलो आणि नगरचाच झालो. सरकारदप्तरी जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जुनी जीभ अजून नगरच म्हणते. तेवढी सवलत वाचकांनी द्यावी. आमचे आजोबा या खेळाला हुतूतू म्हणत. आमच्या वेळी ती कबड्डी झाली होती, पण मैदान मातीचेच होते. चुन्याची रेघ, गुडघ्याला हळद आणि जिंकल्यास एक ढाल, एवढाच सगळा थाट. चांगल्या खेळाडूची धाव फार तर रेल्वेतल्या, पोलिसातल्या किंवा एखाद्या बँकेतल्या नोकरीपर्यंत. खेळाच्या जोरावर नोकरी लागली की गावात पेढे वाटत.

2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला खेळ दिव्यांच्या झगमगाटात मॅटवर गेला. त्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, 12 लाख 80 हजारांची. पाटण्याच्या संघाने ती लावली होती. आम्ही तोंडात बोट घातले. कबड्डीपटूला बारा लाख! पुढे आमची बोटे कमी पडू लागली. कोल्हापूरकडचा, चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडे 36 लाख 40 हजारांत आला आणि एकच हंगाम गाजवून पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सकडे 1 कोटी 45 लाखांना गेला.

आता ज्या भगिनींना या भानगडीची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ठरावीक रकमेची थैली असते. पूर्वी ती 4 कोटी 40 लाखांची होती, 2023 पासून 5 कोटींची झाली. मालक कितीही गब्बर असो, थैली सगळ्यांची सारखी. तिच्यात किमान 18 खेळाडू बसवायचे. हंगाम संपला की काही खेळाडू कायम ठेवता येतात, बाकीचे लिलावात जातात. आपण सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली अखेरची बोली जुळवून त्याला परत घेण्याचाही एक मर्यादित हक्क संघाला असतो. थोडक्यात, महिन्याची एक तारीख, ठरलेला पगार आणि दाराशी उभे असलेले वाणी, दूधवाले, शाळेची फी. आपल्या घराघरांतल्या गृहिणी हेच शास्त्र लिलावाचा हातोडा न आपटता वर्षानुवर्षे चालवीत आल्या आहेत.

तर 2023 ची दिवाळी महिन्यावर आली होती. 9 आणि 10 ऑक्टोबरला मुंबईत दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. आमच्या पलटणने मोहम्मदरझा शादलुई या इराणी पकडपटूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले. चिरंजीव खुर्चीवरून उठलेच.

"बाबा, बघा! मी म्हणत होतो की नाही? एक वाघ आणला की पुरे!"

मी मात्र कपाळाला हात लावला. "अरे, थैली अर्धी रिकामी केली की त्या वाघाने! बाकीच्यांनी काय हवा खायची?"

आमची कन्या वाणिज्य शाखेची. तिने वाणसामानाच्या यादीच्या मागेच हिशेब मांडला. पुण्याने थैलीतले शेकडा 47 एका माणसावर घातले. उरलेल्या किमान सतरा जणांना सरासरी साडेपंधरा लाख. तेलुगू संघाने शेकडा 52 घातले. त्यांच्या सतरांना सरासरी चौदा लाख. "दोघांचे दुकान सारखेच आहे," असा निकाल देऊन ती चकल्या तळायला गेली.

दुकान सारखे होते, पण हंगामाअखेरची वही पाहा. तेलुगू टायटन्स बावीसपैकी दोन सामने जिंकून बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिले. पुण्याने साखळीत सतरा सामने जिंकले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतले. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले, तेव्हा मी टाकलेली आरोळी ऐकून वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड खाली धावत आले. आणि हंगामातला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? दोन कोटींच्या वरचा कोणी नव्हे. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार. आमच्याच नगर जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेला पोरगा! त्याआधी ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला 33-29 असे हरवून सुवर्णपदक घेतले, त्या संघातही तो होता.

पवन काही लेचापेचा खेळाडू नव्हे. त्या सुवर्णपदकाच्या संघाचा कर्णधार तोच होता. मग दोन संघांत फरक कुठे पडला? मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटते, फरक त्या सतरांत होता. शादलुई ज्या घरात आला ते घर आधीपासून नांदते होते. अस्लम, मोहित गोयत, पंकज ही मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे एकत्र घाम गाळत होती.

कबड्डीत या एकत्र राहण्याला मोल का आहे, हे मैदानात उतरलेल्याला पटकन कळते. चढाई तीस सेकंदांची. एवढ्यात चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, कोपऱ्याला हूल देतो, वळतो. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा गडी हातात हात घालून उभे असतात. त्याला साखळी म्हणतात. एकाने झेप घेतली आणि दुसरा क्षणभर मागे राहिला तर दोघेही बाद. शेजारी कधी झेपावणार हे हाताच्या ओढीवरून कळावे लागते. ती ओढ कळायला वर्ष जाते. कोपरारक्षक लिलावात मिळतो. साखळी कोणत्याही लिलावात मिळत नाही.

हे सारे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. एकदा मीही एक थैली सांभाळली होती आणि ती वाईट सांभाळली होती.

1986 सालची गोष्ट. आमच्या गावच्या मंडळाचा मी खजिनदार होतो. तालुक्याच्या स्पर्धेसाठी वर्गणी जमली दोन हजार रुपये. आमच्याकडे उजव्या कोपऱ्याला एक पोरगा होता. रोज पहाटे उसाला पाणी देऊन तालमीला यायचा. त्याला नवे बूट हवे होते आणि स्पर्धेच्या चार दिवसांची बुडणारी मजुरी. सगळे मिळून दोनशेच्या आत. पण मला ढाल दिसत होती. मी सगळी रक्कम घालून बाहेरचे दोन नामांकित गडी आणले. त्यातला एक उजव्या कोपऱ्याचाच. पोरगा राखीव झाला. तीन दिवस त्याने चुना टाकला, पाणी वाहिले.

पाहुणे खेळले छान. खोटे का बोलू? पण उपान्त्य सामन्याच्या सकाळी ते दुसऱ्या स्पर्धेला निघून गेले. तिकडे जास्त मिळत होते. मी धावत त्या पोराकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, आता आठवण झाली व्हय?" तरी उतरला. अनवाणी उतरला. शेजारच्याशी त्याचा हात जुळेना, साखळी दोनदा तुटली, आमच्यावर दोन लोण चढले आणि ढाल दुसऱ्या गावाला गेली. पुढच्या वर्षी तो तालमीला आला नाही. साखर कारखान्यावर हंगामी कामाला लागला. मी हिशेबाची वही पंचांपुढे ठेवली. जमाखर्च पैशाला पैसा जुळला होता. कोणी मला काही बोलले नाही, आणि तेच जास्त लागले.

2024 च्या मार्चमध्ये आमच्या वाडिया पार्कवर वरिष्ठ गटाची सत्तरावी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. पलटणच्या विजेतेपदाला महिनाही झाला नव्हता. सारे नगर लोटले होते. गर्दीत कोणी खांद्यावर हात ठेवला. अडतीस वर्षांनी तो पोरगा समोर उभा होता. मिशा पांढऱ्या, अंगावर स्वच्छ पैरण आणि बोटाला नातू. आम्ही शेजारी बसून सामने पाहिले. मध्यंतरात मी कसाबसा विषय काढला आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "दादा, पाहुण्यांना पैसे दिले त्याचं कायबी वाटलं नाही. ते खेळतच होते तसं. पण तुमच्या वहीत माझं नावच नव्हतं, त्याचं वाटलं." मग नातवाला म्हणाला, "बघ, त्या कोपऱ्याचे पाय बघ. हात नंतर, आधी पाय."

चिरंजीव मात्र एवढ्याने नमणारे नव्हते. अकराव्या हंगामाआधी पुण्याने शादलुईला सोडले आणि हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांत उचलले. हंगामात अस्लमच्या गुडघ्याने दगा दिला, तो बाहेर बसला आणि पलटण आठव्या क्रमांकावर घसरली. 29 डिसेंबर 2024 रोजी आमच्या पुण्यातच, बालेवाडीत, हरियाणाने पाटण्याला 32-23 असे हरवून विजेतेपद घेतले. "काय बाबा? वाघ गेला आणि ढालही गेली!" मी गप्प. खरे ते खरे.

पण 2025 चा लिलाव आला. शादलुई 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरातचा संघ पहिल्या आठांतही आला नाही. पुण्याने अस्लमला सोडले नव्हते. गुडघा दुखावलेल्या मुलाला कर्णधार ठेवून, प्रशिक्षक अजय ठाकूरच्या हाताखाली, बहुतेक त्याच मुलांना घेऊन पलटण अंतिम सामन्यात पोहोचली. 31 ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून 28-31 अशी हरली. तीन गुणांनी! त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवले नाही. फराळाचा उरलेला चिवडा मात्र संपला.

तेव्हा वाघ आणावा की आणू नये? तीन हंगामांचा ताळेबंद पाहून माझे मत असे झाले आहे. वाघ जरूर आणावा, पण यादीत त्याचे नाव दुसऱ्या पानावर असावे. पहिल्या पानावर आपल्या तालमीत वाढलेली मुले लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्याला शोभेल असा आकडा टाकावा. थैलीला मर्यादा आहे हे चांगलेच आहे. ती नसती तर दोन-चार धनाढ्य संघांनी सारे गुणी खेळाडू पळवले असते. पण मर्यादेची एक खोड आहे. बाहेरच्याचा भाव बाजार ठरवतो, घरच्याचा भाव आपली भीड ठरवते. घरचा मुलगा मागत नाही, म्हणून काटकसर नेहमी त्याच्यावरच होते. ती पहिली थांबली पाहिजे. आणि दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत दार बंद करू नये. कबड्डीत गुडघा हाच भांडवल असतो; तो संघासाठी खर्च झाला असेल तर संघाने त्याची वाट पाहावी.

हे मत मी सौभाग्यवतीला वाचून दाखवले. ती अनारशाचे पीठ मळत होती. म्हणाली, "अहो, एवढे पाच कोटींचे पुराण कशाला? तुमच्या त्या गाववाल्याच्या नातवाला बूट आहेत का, ते आधी विचारा."

मी विचारले. नव्हते. परवा कापड बाजारातून येताना एक जोड घेतला. कन्येने तो खर्च वहीत लिहिताना विचारले, "बाबा, कोणत्या खात्यावर टाकू?"

मी म्हणालो, "1986 ची बाकी म्हणून लिही."