यामाहा की हिरो होंडा? जुनी गाडी घेण्यापूर्वी

धंद्यासाठी जुनी मोटारसायकल घ्यायची तर यामाहा आरएक्स १०० घ्यावी की हिरो होंडा सीडी १००, असे लालबाग-परळचे तरुण दुकानदार आम्हाला नेहमी विचारतात. दोन्ही गाड्या १९८५ साली भारतीय बाजारात आल्या. तंत्र दोन्हींचे जपानी, गिअर चार-चार. मात्र इंजिनाची जात निराळी, आणि सगळा हिशेब तिथेच बदलतो.

आरएक्स १०० टू-स्ट्रोक आहे. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल जळते, म्हणून ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती निघते. सीडी १०० फोर-स्ट्रोक. तिचे दोन फेऱ्यांना एकदा जळते आणि ९७ सीसीतून सात-साडेसात अश्वशक्ती मिळते. मागे माल बांधून मलबार हिलचा चढ चढायचा तर यामाहा सरस, यात वाद नाही. परंतु टू-स्ट्रोकमध्ये थोडे ताजे पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाते, शिवाय टू-टी तेलाचा खर्च वेगळा.

आता वहीत मांडून पाहा. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. जुनी यामाहा लिटरला ३५ किलोमीटर चालली तर साडेएकवीस लिटर लागेल. होंडा ५५ चालली तर साडेतेरा. फरक आठ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला आठशे आणि वर्षाला ९,६०० रुपये. आणि एवढे मोजून मिळते काय? जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी असल्याने लालबागहून क्रॉफर्ड मार्केटला जाणारा पुलाखालून, मोहम्मद अली रोडच्या गर्दीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. त्या गर्दीत ११ अश्वशक्ती पडूनच राहते!

गॅरेजवाल्या कारागिरांची गोष्ट वेगळी. आरएक्स १०० च्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. सिलिंडर उतरवून बोअर करणे, पिस्टन-रिंगा बदलणे, क्रँक बांधणे ही हाताखालची कामे. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि पुढे शौकिनांनी तिचा भाव चढवला. घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्याला तिच्यात कमाई आहे. आमच्या मते आज ती वाहन कमी आणि माल जास्त आहे. सामान पोचवायला सीडी १०० घ्यावी.

भाव चढला की लबाडीही येते. एका गाडीची चासिस आणि दुसरीचे कागद, असे जोडकाम होते. म्हणून चासिस व इंजिनावरचे नंबर स्वतः बोटाने चाचपून आरसी पुस्तकाशी जुळवा. आकडे घासलेले वाटले तर सौदा सोडा. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि ग्रीन टॅक्सही असतो. तो भरल्याची पावती मागा. विक्रेता फॉर्म २९ व ३० वर सही करायला ‘नंतर बघू’ म्हणाला, तर बयाणाही देऊ नका.