ध्वनिमुद्रणातील पातळी, चढ आणि उतार

बोलींच्या क्षेत्रीय पाहणीत मिळविलेली ध्वनिमुद्रणे आता संगणकावर संपादित केली जातात. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य साधनामुळे हे काम सुलभ झाले आहे. इतके सुलभ की, मुद्रणावर आपण कोणता संस्कार करीत आहोत याचा विचार होण्यापूर्वीच तो संस्कार होऊन जातो. संगीताच्या बाबतीत हा फार तर अभिरुचीचा प्रश्न ठरेल. भाषेच्या अभ्यासकापुढे मात्र तो पुराव्याचा प्रश्न असतो.

अंकीय मुद्रणात ध्वनिलहर म्हणजे संख्यांची एक दीर्घ मालिका होय. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, नोंदला जातो. आवाज वाढविणे म्हणजे या प्रत्येक संख्येस एका गुणकाने गुणणे. ६ डेसिबलांची वाढ ही लहरीच्या आयामाची जवळजवळ दुप्पट, तर २० डेसिबलांची वाढ दसपट होय. संपूर्ण मुद्रणास एकच गुणक लावला, तर अक्षराअक्षरांतील बलाचे परस्परप्रमाण अबाधित राहते. सर्वांत उंच शिखर ठरावीक पातळीवर आणणारी ‘नॉर्मलाइझ’ ही क्रिया याच जातीची असल्याने ती बहुतांशी निर्धोक आहे. पंख्याची घरघरही तिच्यामुळे तेवढीच वाढते, हे ओघानेच आले. मात्र दोन वक्त्यांच्या आवाजाच्या तीव्रतेची तुलना करावयाची असेल, तर अशी प्रत निरुपयोगी ठरते.

शून्य डेसिबल ही अंकीय मुद्रणाची कमाल मर्यादा. तिच्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्या लहरीचा माथा सपाट कापला जातो, आणि मुद्रणाच्या वेळीच कापला गेलेला माथा पुढे पातळी उतरवून परत मिळत नाही. यास्तव मुद्रण करतानाच शिखरे उणे १२ डेसिबलांच्या आसपास राहू द्यावीत. भ्रमणध्वनीतील स्वयंचलित पातळी-नियंत्रण शक्य असेल तेथे बंद ठेवावे. वक्ता थांबला की ते आपल्या मताने गुणक वाढविते, आणि मग आघात वक्त्याचा कोणता व यंत्राचा कोणता, हे सांगता येत नाही.

खरा धोका आहे तो काळानुसार बदलणाऱ्या गुणकात. फेड-इन व फेड-आउट ही त्याची परिचित रूपे. (कर्जाच्या फेडीशी त्यांचा संबंध नाही, येथे आपण त्यांना चढ व उतार म्हणू.) चढात गुणक शून्यापासून एकापर्यंत वाढत जातो, उतारात तो एकापासून शून्यावर येतो. गाण्याच्या अखेरीस हा उतार सुखद वाटतो. शब्दाच्या कडेला तो ध्वनीच बदलू शकतो.

‘चाळ’ आणि ‘साळ’ ही जोडी पाहावी. ‘चाळ’मधील दंत्य च हा स्पर्शसंघर्षी आहे: आधी पूर्ण अडथळा, मग एकाएकी सुटका आणि तिच्या पाठोपाठ घर्षण. ध्वनी एकाएकी चढतो की सावकाश, हा श्रोत्याला अशा वर्णांत भेद करण्यास साहाय्य करणारा एक संकेत आहे, हे १९५०च्या दशकापासून प्रयोगांनी दिसून आले आहे. घर्षणाच्या लांबीचाही त्यात मोठा वाटा असतो. आता शब्दारंभी ५० मिलिसेकंदांचा चढ घातला, तर सुटकेचा क्षण बुजतो, घर्षण हळूहळू उगवते आणि ‘चाळ’ ‘साळ’कडे झुकते.

उताराचा परिणाम याहून गंभीर आहे, कारण तो व्याकरणास भिडतो. ‘घर’ व ‘घरं’ यांतील वचनभेद शेवटच्या अकारावर उभा आहे. लेखनात अनुस्वार तो भेद डोळ्यांना दाखवितो. कानांना मात्र त्या अकाराचाच आधार. वाक्याच्या अखेरीस तो आधीच मंदावलेला असतो. त्यावर पाव सेकंदाचा उतार घातला की अनेकवचनाचे एकवचन होते, आणि पुढे ती फीत ऐकणारा एखादा उत्साही संशोधक त्या बोलीत नपुंसकलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय लोपल्याचा निष्कर्ष काढण्यास मोकळा होतो!

मग चढउतार टाळावेच काय? तसेही नाही. लहरीच्या मध्येच छेद घेतला, तर ‘टक्’ असा आवाज येतो, आणि तो स्पर्शवर्णाच्या स्फोटासारखा भासू शकतो. छेद लहर शून्यरेषा ओलांडते तेथे घ्यावा. शब्दाच्या दोन्ही बाजूंस किमान १०० मिलिसेकंदांची शांतता राखून, त्या शांततेतच सुमारे ५ मिलिसेकंदांचा, म्हणजे अवघ्या २२० नमुन्यांचा, चढ वा उतार द्यावा. ही शांतता म्हणजे त्या खोलीचा मूळ स्तब्ध ध्वनी. तेथे निखळ शून्ये भरल्यास कानाला खड्डा जाणवतो. दोन तुकडे जोडताना एकाचा उतार व दुसऱ्याचा चढ परस्परांवर येतात. सरळ रेषेतील चढउतारात मध्यावर दोघांचेही गुणक ०.५ असतात, त्यामुळे एकमेकांशी असंबद्ध अशा पार्श्वध्वनींची पातळी तेथे ३ डेसिबलांनी खचते. ०.७०७ मधून जाणारा वक्र निवडल्यास ती स्थिर राहते.

मूळ मुद्रण अर्थातच अस्पर्श ठेवावे व सर्व संस्कार प्रतीवर करावेत. तीव्रतेचे मापन ‘प्रात’ या आज्ञावलीत करावयाचे ते मूळ मुद्रणावरच. प्रतीच्या नोंदीत लावलेला गुणक डेसिबलांत आणि प्रत्येक चढउताराचे स्थान व लांबी मिलिसेकंदांत लिहावी.